लॅपटॉपचा स्पीकर आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र
(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत उत्पादन, उपभोग आणि गुंतवणूक यांना स्वतंत्र प्रकरणे असतात. दुरुस्तीला मात्र एखादा परिच्छेदही क्वचितच मिळतो. वास्तविक कुटुंबाने एकदा घेतलेली वस्तू किती वर्षे उपयोगी पडेल, हे पुष्कळदा दुरुस्तीवरच ठरते. हा मुद्दा समजून घेण्यासाठी एक लहान उदाहरण पुरेसे आहे. लॅपटॉपच्या आत बसवलेले दोन छोटे स्पीकर खरखरू लागतात, त्यांतील एक मुका होतो किंवा आवाज फाटून शब्द कळेनासे होतात. पडदा, कळफलक, स्मृती हे सर्व मात्र व्यवस्थित चालू असते. अशा वेळी कुटुंबापुढे चार पर्याय असतात : नवा लॅपटॉप घेणे, सेवा केंद्रात जाणे, बाहेरचा स्पीकर वा इयरफोन लावून काम भागवणे आणि घरीच दुरुस्ती करणे. यांपैकी कोणता पर्याय केव्हा योग्य, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे.

कर्मशाळांचे गाव

या प्रश्नाचा विचार जबलपूरच्या रांझी भागाच्या संदर्भात केल्यास तो अधिक स्पष्ट होतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. त्यामुळे मराठी वाचकाला हे शहर परके नाही. या शहरात तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाची आयुध निर्माणी उभी राहिली आणि १९६९ मध्ये वाहन निर्माणी आली. खमरियाची निर्माणी, वाहन निर्माणी आणि रिछाईची औद्योगिक वसाहत यांच्या सान्निध्यात रांझीची वस्ती वाढत गेली. १९४७ साली सुरू झालेले जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालयही रांझीला लागून गोकलपूर येथे आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. प्रशासनाची रचना बदलली, तरी जोडारी, कातारी आणि वीजतंत्री यांचे हे गाव आपली ओळख टिकवून आहे.

सैन्यासाठी बनणाऱ्या वाहनाची एक परंपरा येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. वाहनाबरोबर त्याच्या सुट्या भागांची क्रमांकवार यादी आणि देखभालीची पुस्तिका असते. कोणता भाग केव्हा तपासायचा, कोणता कर्मशाळेत बदलायचा आणि कोणत्या कामासाठी वाहन मोठ्या तळावर पाठवायचे, हे आधीच ठरलेले असते. जबलपूरमध्येच सैन्याची ५०६ क्रमांकाची तळ कर्मशाळा असून तेथे तोफांची संपूर्ण दुरुस्ती होते. म्हणजे या शहरात दुरुस्ती ही उत्पादनाइतकीच नियोजनबद्ध गोष्ट मानली गेली आहे. त्याच शहरातील विद्यार्थ्याच्या टेबलावरील लॅपटॉपला मात्र असे नियोजन सहसा लाभत नाही. पेटीसोबत हमीपत्र येते. दुरुस्तीची पुस्तिका येत नाही.

या विसंगतीची झळ विद्यार्थ्यांना अधिक बसते. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ठरावीक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना मध्य प्रदेश शासन लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. २०२५ च्या जुलै महिन्यात अशा ९४ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या खात्यांवर ही रक्कम जमा झाली. अनेक घरांत तो पहिलाच संगणक असतो आणि तो बदलण्यासाठी दुसरे अनुदान मिळणार नसते. त्यावर व्याख्याने ऐकली जातात, भावंडे एकत्र बसून शिकतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी तर मजकूर वाचून दाखवणारा आवाज म्हणजेच संगणक होय.

बिघाड नेमका कोठे?

दुरुस्तीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे निदान. ते चुकले तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. निदोष स्पीकर बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

लॅपटॉपच्या स्पीकरची रचना साधी असते. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते आणि ते एका पातळ पडद्याला चिकटवलेले असते. विद्युतप्रवाह बदलतो तसे वेटोळे मागेपुढे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि हवेत ध्वनिलहरी निर्माण होतात. पडद्याच्या कडेला रबराची किंवा तत्सम लवचीक किनार असते. दोष चार ठिकाणी असू शकतो : संगणकाच्या आज्ञावलीत, इयरफोनच्या छिद्रात, प्रत्यक्ष स्पीकरमध्ये किंवा मदरबोर्डवरील ॲम्प्लिफायरमध्ये.

पहिली तपासणी विनाखर्चाची आहे. इयरफोन लावून तीच ध्वनिफीत ऐकावी. इयरफोनमध्येही आवाज फाटत असेल, तर स्पीकर बहुधा निदोष असून दोष ध्वनिफितीत, ध्वनीच्या मांडणीत किंवा चालक आज्ञावलीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये असतो. आवाज वाढवणारी किंवा 'सुधारणारी' सोय चालू असल्यास ती बंद करून पाहावी आणि ड्रायव्हर नव्याने बसवावा. तरीही शंका राहिल्यास पेनड्राइव्हवरून लिनक्स प्रणाली तात्पुरती सुरू करावी. तिच्यात आवाज स्वच्छ आला, तर लॅपटॉप उघडण्याचे कारणच उरत नाही.

दुसरी तपासणी इयरफोनच्या छिद्राची. अनेक लॅपटॉपमध्ये या छिद्रात एक सूक्ष्म कळ असते आणि इयरफोन लागताच ती स्पीकर बंद करवते. धूळ साचून ती अडकली, की इयरफोन काढल्यावरही तो लागलेलाच आहे असे संगणक समजतो. पिन काही वेळा आतबाहेर केल्याने किंवा कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढल्याने हा दोष पुष्कळदा जातो.

तिसरी तपासणी डाव्या-उजव्या बाजूंची. ध्वनीच्या मांडणीत आवाज एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे न्यावा. एकच बाजू खरखरत असेल, तर दोष बहुधा त्या बाजूच्या स्पीकरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत असतो. ठरावीक स्वरालाच घरघर ऐकू येत असेल, तर पडद्याची किनार सुटलेली असू शकते किंवा शेजारचा एखादा स्क्रू सैल असू शकतो. त्या जागी आवरण हलक्या हाताने दाबल्यावर घरघर थांबली, तर स्क्रूचा संशय बळावतो.

या तीन तपासण्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. लॅपटॉप उघडायचा की नाही, याचा निर्णय त्यांनंतरच करावा.

दुरुस्तीची रीत

हमीचा कालावधी शिल्लक असेल, तर लॅपटॉप घरी उघडू नये. तो संपला असल्यास प्रथम त्या नमुन्याची देखभाल पुस्तिका शोधावी. डेल, लेनोव्हो आणि एचपी या कंपन्या आपल्या अनेक नमुन्यांच्या अशा पुस्तिका विनामूल्य उपलब्ध करून देतात. त्यांत आवरण काढण्याचा क्रम, स्क्रूंची जागा आणि लांबी दिलेली असते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला, तर तो मदरबोर्डला इजा करू शकतो. म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने लावून ठेवावा.

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. आवरण उघडल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर काम तेथेच थांबवावे. ती दाबू किंवा टोचू नये, लॅपटॉप पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि ती बॅटरी जाणकाराकडूनच बदलून घ्यावी. आवरण उचकटण्यासाठी प्लास्टिकची पट्टी वापरावी, धातूचे टोक नव्हे.

स्पीकर दिसू लागल्यावर आधी जोडणी पाहावी. पडझडीनंतर ती सैल झालेली असू शकते. जोडणी काढताना तारेला ओढू नये, तिचे प्लास्टिकचे टोक धरावे. त्यानंतर मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजावा. ४ ओहमच्या स्पीकरचा रोध साधारणतः साडेतीन ओहमच्या आसपास आणि ८ ओहमच्या स्पीकरचा सात ओहमच्या आसपास दिसतो. मापक अनंत रोध दाखवत असेल, तर तार तुटली आहे किंवा वेटोळे जळले आहे आणि स्पीकर बदलणे हाच उपाय. दोन्ही स्पीकरचा रोध योग्य असून आवाज मुळीच नसेल, तर संशय मदरबोर्डवरील ॲम्प्लिफायरवर जातो. हे काम घरचे नव्हे. आपल्या कौशल्याची मर्यादा ओळखणे हाही निदानाचाच भाग आहे.

रोध योग्य आणि आवाज फाटका, असे असल्यास पडदा पाहावा. चुंबकामुळे लोखंडाचा बारीक कीस पडद्यावर येऊन बसतो. तो चिकटपट्टीच्या टोकाने अलगद उचलता येतो. किनार थोडी सुटली असेल, तर वाळल्यावरही लवचीक राहणाऱ्या रबरी गोंदाचा अगदी पातळ थर द्यावा. लहान फाट असल्यास त्यावर पातळ टिश्यू कागदाचा तुकडा त्याच गोंदाने लावावा. झटपट वाळणारा कडक गोंद येथे वापरू नये. त्याने किनार ताठर होते आणि तो वेटोळ्याच्या फटीत उतरल्यास स्पीकर कायमचा जाम होतो. अशी डागडुजी काही काळ चालते. मोठ्या फाटीला नवा स्पीकरच हवा.

नवी जोडी घेताना लॅपटॉपचा नमुना आणि स्पीकरवर छापलेला भाग क्रमांक, दोन्ही जुळवून घ्यावेत. शक्यतो दोन्ही बाजूंचे स्पीकर एकत्र बदलावेत, म्हणजे आवाजाचा तोल राहतो. स्पीकरखालील रबरी बुचे नव्या स्पीकरलाही लावावीत, अन्यथा संपूर्ण आवरण थरथरते. तारा स्वतः जोडण्याची वेळ आल्यास दोन्ही बाजूंची धन-ऋण दिशा सारखी ठेवावी. एक बाजू उलटी झाली, तर दोन्हींचे खर्जातील स्वर परस्परांना मारतात. दोन्ही स्पीकरच्या ऋण तारा एकमेकींना जोडून टाकण्याचा मोहही टाळावा. या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा दोन्ही टोकांवर संकेत असतो आणि तारा एकत्र आल्यास ॲम्प्लिफायरच जळू शकतो.

खर्चाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. समजा, २५,००० रुपयांचा लॅपटॉप पाच वर्षे चालावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे त्याची वार्षिक सेवा ५,००० रुपयांची झाली. तिसऱ्या वर्षाअखेर केवळ आवाजासाठी तो बाजूला टाकला, तर १०,००० रुपयांची सेवा वाया गेली. त्यापुढे काही शे रुपयांचा स्पीकर ही किरकोळ बाब आहे. मात्र सुटा भाग स्वस्त, पण तपासणी शुल्क, वाहतूक, मजुरी आणि आठवडाभर लॅपटॉप हाती नसणे हे सर्व मिळून खर्च फुगतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. दुरुस्तीची खरी किंमत सुट्या भागात कमी आणि निदानात अधिक आहे, हे या उदाहरणाचे सार होय.

परीक्षेच्या दृष्टीने येथे तीन संकल्पना ध्यानात ठेवाव्यात. पहिली संधी खर्चाची. घरी दुरुस्ती करणाऱ्याचे चार तास फुकट नसतात. मुख्य परीक्षा आठवड्यावर आली असेल, तर तेच तास अभ्यासाला देऊन तात्पुरता बाहेरचा स्पीकर लावणे अधिक शहाणपणाचे ठरते. दुसरी संकल्पना बुडीत खर्चाची. लॅपटॉपसाठी पूर्वी किती रक्कम मोजली, हे दुरुस्तीचा निर्णय घेताना गैरलागू आहे. यापुढे किती खर्च येईल आणि त्यातून किती सेवा मिळेल, एवढेच पाहावयाचे. बॅटरी, पडदा आणि बिजागरी एकामागून एक जात असतील, तर स्पीकरवर खर्च करू नये. तिसरी संकल्पना असमान माहितीची. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला माहीत असलेली गुणवत्ता ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर बाजारच खालावतो. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. दुरुस्तीच्या बाजाराचेही असेच आहे. बिघाड काय होता, तो खरोखर दूर झाला का आणि बदललेला भाग अस्सल आहे का, हे ग्राहकाला कळत नाही. अविश्वास वाढतो, प्रामाणिक कारागिरालाही योग्य मोबदला मिळत नाही आणि ग्राहक नव्या वस्तूकडे वळतो. घरी केलेली अर्ध्या तासाची तपासणी ही दरी कमी करते. मग दुरुस्ती दुसऱ्याने केली तरी चालेल. ग्राहक 'आवाज येत नाही' असे न सांगता 'उजव्या स्पीकरचे वेटोळे तुटले आहे' असे सांगू शकतो.

इयरफोन हा पर्याय स्वस्त दिसतो. पण त्याचा खर्च शरीरावर पडतो. असुरक्षित पद्धतीने ऐकण्यामुळे जगातील १ अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो आणि आवाज वाढेल तशी ही मुदत झपाट्याने घटते. दिवसभर व्याख्याने ऐकणाऱ्यांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी.

राष्ट्राच्या जमाखर्चात दुरुस्ती

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीत नव्या लॅपटॉपच्या विक्रीमुळे निर्माण झालेले मूल्य धरले जाते; दुकानातील दुरुस्तीची मजुरीही मोजली जाते. पण कुटुंबातील व्यक्तीने स्वतः केलेली विनामोबदला दुरुस्ती उत्पादनाच्या मोजणीत येत नाही. फुटलेल्या खिडकीमुळे काच बसवणाऱ्याला काम मिळते, म्हणून समाज श्रीमंत होतो काय, हा प्रश्न फ्रेंच विचारवंत फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० मध्येच विचारला होता. काचेवर खर्च झालेल्या पैशातून जे घेता आले असते ते हुकले, हे त्यांचे उत्तर. टाकून दिलेल्या लॅपटॉपला ते जसेच्या तसे लागू आहे.

न मोजलेला दुसरा खर्च कचऱ्याचा. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधील चुंबकात सहसा निओडिमियम हा दुर्मीळ मृदा धातू असतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा या धातूंचे मोल सर्वांना कळले. त्याच वर्षी जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला, तर सप्टेंबरमध्ये अशा खनिजांच्या पुनर्चक्रीकरणासाठी १,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली. पुनर्चक्रीकरण आवश्यकच आहे. तथापि दुरुस्ती ही त्याच्या आधीची आणि अधिक स्वस्त पायरी आहे.

दुरुस्तीचा हक्क

भारतात या विषयाची पायाभरणी मोटारींपासून झाली. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांना उपलब्ध करून न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट सुचवण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीविषयक माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्या उद्योगांना नोंदणीच्या कक्षेत घेतले. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीचा अहवालही २०२५ च्या मे महिन्यात विभागाला सादर झाला. फ्रान्सने असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंना लागू केला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीला चालना देणारे निदेश मंजूर केले.

कंपन्यांच्या बाजूनेही काही युक्तिवाद आहेत. वस्तू पातळ आणि हलकी करायची, तर भाग चिकटवावे लागतात. बॅटरी अकुशल हातात पडली, तर अपघात होऊ शकतो. रचनेची संपूर्ण माहिती दिली, तर नक्कल होते. या युक्तिवादांत तथ्य आहे. पण स्पीकरच्या बाबतीत ते फारसे टिकत नाहीत. स्पीकरमध्ये व्यापारी गुपित नाही आणि तो बदलण्यात बॅटरी सोडवण्यापलीकडे मोठी जोखीम नाही. यास्तव धोरणाने सर्व भागांना एकच नियम लावण्यापेक्षा सैन्याच्या कर्मशाळांप्रमाणे पायऱ्या ठरवाव्यात. स्पीकर, कळफलक, पंखा हे भाग ग्राहकाला वा कोपऱ्यावरील कारागिराला बदलता यावेत; बॅटरी प्रशिक्षित कारागिराने बदलावी; मदरबोर्ड सुसज्ज केंद्रात दुरुस्त व्हावा. प्रत्येक पायरीसाठी पुस्तिका, भाग क्रमांक आणि जाहीर दर असावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत लॅपटॉप दुरुस्तीच्या निदानावर भर दिला, तर रांझीसारख्या वस्तीत त्यातून रोजगारही निर्माण होईल.

रांझीत वाहन बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांच्या दोन-तीन पिढ्या झाल्या. त्यांच्या घरातील मुलाला दोन स्क्रूंपलीकडचा छोटा स्पीकर अगम्य वाटत असेल, तर तो कौशल्याचा अभाव नव्हे. माहिती पोहोचवण्याच्या व्यवस्थेतील ती उणीव आहे. ती भरून काढणे हे धोरणाचे काम आहे. तोवर बिघाड झाल्यास आधी इयरफोन लावून पाहावा, मग दोन्ही बाजू तपासाव्यात आणि त्यानंतरच खिशात हात घालावा.